पुस्तक मागितले की स्टूल पुढे करणाऱ्या विजयाताई

श्रीमती विजयाताई सामंत यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी "शक्यतो प्रसन्न सूर ठेवावा" अशी सूचना संपादक मंडळाने केली आहे. ती मला पूर्णपणे पाळता येईल असे वाटत नाही. विजयाताईंविषयी मला नितांत आदर आहे. परंतु त्यांनी मला जितके वैतागवले आहे, तितके तंत्रनिकेतनात प्रोग्रॅमिंग शिकवण्याच्या संपूर्ण नोकरीत एकाही विद्यार्थ्याने वैतागवलेले नाही, हे नमूद करणेही माझे कर्तव्य आहे.

त्यांची पहिली भेट माझ्या पत्नीमुळे झाली. शालिनी वसईजवळच्या पापडी गावातील बागायतदार घरातली. विजयाताईही पापडीच्याच, तिची बालमैत्रीण. शाळेतून निवृत्त झाल्यावर शालिनीने माहेरच्या बोलीतील शब्द जमवायला घेतले होते आणि ते ती विजयाताईंनी तयार केलेल्या 'पाटी'त टाइप करीत असे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: 'पाटी' हा मराठी मजकूर लिहिण्याचा टेक्स्ट एडिटर आहे. आपल्या परिसरातील अनेक छापखाने आणि शाळा तो वापरतात. त्यात विजयाताईंनी जाणूनबुजून मोकळ्या जागा ठेवल्या आहेत. ज्याला जी सोय हवी असेल त्याने ती स्वतः तयार करून तेथे जोडावी. मूळ प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही.

शालिनीला अशी एकच सोय हवी होती. प्रत्येक शब्दाला तो सांगणाऱ्याचे नाव जोडलेले असावे, आणि एक कळ दाबताच त्या माणसाचे सगळे शब्द एकत्र दिसावेत. "इंदूमावशीचे शब्द इंदूमावशीच्या नावानंच राहायला हवेत, अहो. नाहीतर ते कुणाचेच नाहीत," असे तिचे म्हणणे. ही जोड मी करून देतो, असा शब्द मी तिला दिला आणि आम्ही दोघे विजयाताईंच्या आचोळ्याच्या घरी गेलो.

"विस्तारक्षम टेक्स्ट एडिटरच्या रचनेवर प्रमाण मानावे असे पुस्तक कोणते?" मी विचारले. "आरंभापासून क्रमाने वाचावे म्हणतो."

विजयाताई शालिनीकडे वळल्या. "शालू, हे घरीपण असंच बोलतात?"

"असंच. आमटीत मीठ कमी पडलं तरी निवेदन देतात."

दोघी मनसोक्त हसल्या. मग विजयाताईंनी कोपऱ्यातले लाकडी स्टूल उचलून माझ्यासमोर ठेवले. "पुस्तक नाही, भावोजी. स्टूल आहे. तीन दुपारी शालूच्या बाजूला बसा. टाइप करताना तिचा हात कुठे थांबतो तेवढं लिहा. बोलायचं नाही. तिला दुरुस्त करायचं तर अजिबात नाही."

ही त्यांची सर्वांसाठीची रीत आहे. विरारचे एक छापखानेवाले अक्षरे आपोआप मोठी करणारी सोय मागायला आले होते. त्यांनाही हेच स्टूल देऊन त्यांच्याच कंपोझिटरशेजारी बसवले गेले. चौथ्या दिवशी ते आले आणि म्हणाले, "ते राहू द्या. त्याला एकच पत्ता दिवसभर परत परत टाइप करावा लागतो, ते आधी बघू." हा प्रसंग विजयाताईंनी मला त्याच दिवशी सांगितला. मी तो गांभीर्याने घेतला नाही. जिच्याशेजारी चाळीस वर्षे बसलो, तिच्याच शेजारी स्टुलावर बसून नोंदी करणे मला हास्यास्पद वाटले.

म्हणून मी संदर्भ शोधू लागलो, आणि त्या शोधाविषयी मनस्तापाशिवाय लिहिणे मला शक्य नाही. इंटरनेटवर या विषयाची माहिती अपार आहे असे सांगतात. माझा अनुभव असा की कोणता एडिटर सर्वोत्तम, यावर माणसे हमरीतुमरीवर येतात; कोणती कळ दाबल्याने काय होते, हेही हौसेने सांगतात; पण बाहेरच्या माणसासाठी जागा कोठे सोडावी, किती सोडावी आणि का, हे सांगायला कोणी तयार नाही. एक प्रबंध सापडला, त्याची निम्मी पाने वाकडी स्कॅन केलेली. एका व्याख्यानाच्या चित्रफितीत वक्ते दिसतात, परंतु आवाज नाही. जो लेख सर्वजण वाचायला सांगतात त्याचा दुवा उघडतच नाही, आणि तरीही तो वाचायला सांगणे कोणी थांबवीत नाही. मराठीत तर एक ओळ नाही. एका माजी विद्यार्थ्याला विचारले. तो म्हणाला, "सर, असं कोणी वाचत बसत नाही. कोड उघडायचा आणि बघायचं." मी विजयाताईंना ग्रंथसूचीसाठी पत्रे लिहिली. प्रत्येक पत्राला एकाच ओळीचे उत्तर आले: "बसलात का?"

दरम्यान शालिनी आजारी पडली. अंथरुणावर मांडीवर लॅपटॉप घेऊन तिचे काम चालूच होते. "झालं का हो?" असे ती अधूनमधून विचारी. "साधने गोळा होत आहेत," असे मी सांगत असे. विजयाताई रोज दुपारी आचोळ्याहून वसईला येऊन तिच्याजवळ बसत. दोघी गप्पा मारत असतील, असे समजून मी त्यांना चहा देऊन बाहेरच्या खोलीत माझ्या फायलींकडे परतत असे. ती जोड पाहण्याआधीच शालिनी गेली. गेल्या वर्षी.

महिन्याभराने विजयाताई आल्या आणि त्यांनी एक शाळकरी वही माझ्यासमोर ठेवली. शालिनीच्या आजारपणातल्या त्या सगळ्या दुपारी त्या नुसत्या गप्पा मारत बसल्या नव्हत्या. वहीत त्यांच्या तुटक अक्षरांत लिहिले होते: "शब्द टाइप केला. थांबली. कोणी सांगितला ते चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठी उशीखाली. परत आली तर ओळ हरवली." आणखी एका पानावर: "कोणाचा शब्द विचारलं तर हसली. माझाच म्हणाली. स्वतःचं नाव लिहायला लाजते. जोडीत आपोआप यायला हवं."

मला जे कोणत्याही ग्रंथात मिळाले नव्हते, ते त्या वहीत होते.

"हे आधी का दिले नाहीत?" माझा आवाज चढला असावा.

"तुम्ही पुस्तक मागत होतात, भावोजी. आणि हे तुम्ही लिहायचं होतं. मी वाट बघत होते."

मला इतका संताप आला की मी त्यांना चहाही विचारला नाही. त्या स्वतः स्वयंपाकघरात गेल्या, दोन कप घेऊन आल्या आणि एक माझ्यापुढे ठेवला.

वही हाती आल्यावर जोड तयार व्हायला फार दिवस लागले नाहीत. उशीखालच्या चिठ्ठ्यांवरची नावे मी एकेक करून भरली; ज्या शब्दांना चिठ्ठी नव्हती, त्यांना जोडीने आपोआप शालिनीचे नाव लावले. ज्या दुपारी काम पुरे झाले, त्या दुपारी विजयाताई माझ्या बाजूला, आचोळ्याहून सोबत आणलेल्या त्याच स्टुलावर बसल्या होत्या. मी कळ दाबली. इंदूमावशींचे शब्द इंदूमावशींच्या नावाखाली आले. मग मी शालिनीचे नाव निवडले.

यादी संपेना. त्यातले बहुतेक शब्द मी कधी ऐकलेच नव्हते. आमच्या घरात शुद्ध मराठीच बोलली जावी असा माझा आग्रह असे, आणि चाळीस वर्षे तिने तो पाळला होता. विहिरीचे, केळीच्या बागेचे, लाडाचे शब्द होते. रागाचेही पुष्कळ होते.

विजयाताईंनी स्टूल थोडे पुढे ओढले. मग म्हणाल्या, "सावकाश वाचा. सगळे तुम्हालाच उद्देशून आहेत असं नाही."

या ग्रंथात विजयाताईंच्या बुद्धिमत्तेविषयी इतर मंडळी लिहितीलच. त्यांनी 'पाटी'त ज्या जागा मोकळ्या ठेवल्या, त्यांतल्या एका जागेत माझ्या पत्नीचे नाव तिच्या शब्दांसह आता राहते आहे, एवढेच मला नोंदवायचे होते.

शालिनीच्या यादीतील निम्म्या शब्दांचे अर्थ अजून लिहायचे आहेत. तिच्याबरोबर पापडीत ते बोललेल्या, आणि मला समजावून सांगण्याइतका धीर असलेल्या, विजयाताईच आहेत. दर मंगळवारी मी त्यांना तीन-चार शब्द विचारतो. त्या आधी मलाच विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?", आणि माझे उत्तर चुकल्याचा पुरेसा आनंद घेतल्यावरच अर्थ सांगतात. त्यांना उत्तम आरोग्य, शाबूत नजर आणि हीच खोडकर वृत्ती पुष्कळ वर्षे लाभो. यादी लांब आहे, आणि एका मंगळवारी चारहून अधिक शब्द विचारायचे नाहीत, असे मी ठरवले आहे.