टॉवेलाखालचा शब्द

आमच्या दाजींइतका कुलपावर जीव असलेला माणूस निपाणीपासून बेळगावपर्यंत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. देवाने त्यांना दोन हात दिले ते एकाने कुलूप लावायला आणि दुसऱ्याने ते ओढून बघायला, असं माझं मत होतं आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंही होतं. घरातून निघताना ते कुलूप तीनदा ओढायचे. गल्लीच्या टोकापर्यंत गेले की परत यायचे आणि चौथ्यांदा ओढायचे. एकदा इतक्या जोरात ओढलं की कोयंडाच चौकटीतून निघून हातात आला. दाजींनी कुलूप, कोयंडा आणि किल्ली तिन्ही पिशवीत टाकलं, दार नुसतं लोटून घेतलं आणि बोरगावला पाहुण्यांकडे निघून गेले. परत आल्यावर आक्काने फैलावर घेतलं तर म्हणाले, "कुलूप माझ्यापाशी हुतं न्हवं? मग चोर फोडणार काय?"

माझ्या मुलीच्या लग्नात दागिन्यांची खोली त्यांच्या ताब्यात दिली, ही माझी चूक. वऱ्हाड येळ्ळूरचं, मोठं. अक्षता वाटून झाल्या, भटजी घसा साफ करून बसले आणि नवरदेवाचा पत्ता नाही. पोरगा पळाला म्हणून कुजबुज सुरू झाली. दाजी मांडवात पुढच्या रांगेत बसून सगळ्यांच्या बरोबरीने नवऱ्या मुलाला नावं ठेवत होते. शेवटी वाजंत्री दम खायला थांबली तेव्हा आतल्या खोलीतून दारावरच्या बुक्क्या ऐकू आल्या. जावई कपडे बदलायला आत गेला होता आणि दाजींनी बाहेरून कुलूप घालून किल्ली करगोट्याला बांधली होती. मी जे बोलायचं ते बोलले. दाजी शांतपणे म्हणाले, "दागिनं जाग्यावर हायत का न्हायत, त्ये आदी बघ."

तर असे हे दाजी निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत राखणदार होते. मीही तिथेच तंबाखू चाळायला, निवडायला होते. थोरल्या मालकांच्या वेळी दाजींना मान होता. ते गेले आणि धाकटे मालक आले. त्यांना सगळं नवं पाहिजे होतं, राखणदारसुद्धा. दाजी तेव्हा साठीच्या पुढे. दोन्ही मुलं बेळगावात कामाला होती, तेव्हा जेवणाची काळजी नव्हती. पण किल्ली काढून घेतली तर ह्या माणसात उरणार काय, हा प्रश्न होता. आक्काला त्याहून मोठा प्रश्न पडला होता. ती म्हणायची, "घरात बसलं तर माज्या मिठाच्या बरणीला कुलूप घालत्यात बघ."

अशात सत्त्याऐंशीच्या सुमाराला धाकट्या मालकांनी वखारीच्या कचेरीत कॉम्प्युटर आणला. टीव्ही आणि टाइपरायटर यांचं लग्न लावून दिल्यासारखं ते दिसायचं. आम्ही बायका तोंडाला पदर लावून खिडकीतून बघत होतो. दाजी आत गेले, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि एकदम थांबले. यंत्राच्या पेटीला, अगदी दर्शनी भागात, किल्लीचं भोक होतं. किल्ली फिरवली की बटणं मुकी. आपल्या सगळ्या आयुष्याची कुणीतरी दखल घेतली, असा चेहरा झाला त्यांचा.

"मालक, ह्येला कुलूप कोण लावणार?" त्यांनी विचारलं.

धाकटे मालक हसले. यंत्राला नुसती किल्ली नव्हती, एक गुप्त शब्दही होता. सुरू केलं की ते आधी शब्द विचारायचं. तीनदा चुकला तर जे बंद व्हायचं ते पुण्याचा माणूस आल्याशिवाय उघडायचं नाही. मालक म्हणाले, "दाजी, किल्ली तुमची, शब्दबी तुमचाच ठेवा. तुम्ही काय ठेवणार ते कुणाच्या बापाला कळणार न्हाई. पण एक सांगतो, तुमच्यापायी काम अडलं तर घरी बसायचं."

"आणि शब्द फुटला," दाजी म्हणाले, "तर तुमी सांगायची गरज न्हाय. मीच बसंन घरात."

तंबाखूच्या पोत्यांवरचे मार्के वाचून वाचून त्यांना इंग्रजी अक्षरं येत होती, तेवढं शिक्षण ह्या कामाला पुरलं. रोज सकाळी ते कचेरीत यायचे, चपला बाहेर काढायचे, करगोट्याची किल्ली सोडून लावायचे. मग टाइप करायला ठेवलेल्या पोरीला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. मी झाडत असले तर मला केरासकट बाहेर काढायचे. खांद्यावरचा टॉवेल बटणांवर पसरायचे, त्याखाली हात घालून एका बोटाने शब्द लिहायचे. एकेक अक्षर शोधायला वेळ लागायचा. पोरगी म्हणायची, "दाजी, माझे पाय दुखायला लागले." दाजी म्हणायचे, "दुकू देत. गुपित हाय."

आणि ते यंत्र सारखं आजारी पडायचं. पडणारच. वखारीत माणसं शिंकून बेजार, तिथे त्याचं काय? मागच्या पंख्यात तंबाखूची धूळ बसायची आणि ते घरघरायला लागायचं. दाजी त्याच्या पाठीला उलटा हात लावायचे, कान टेकवायचे आणि सांगायचे, "धाप लागलीया." आम्ही नाकाला फडकी बांधतो तशी त्यांनी आक्काच्या जुन्या लुगड्याची पट्टी यंत्राला गच्च आवळून बांधली. दुपारपर्यंत ते तापून बंद पडलं. कोल्हापूरचा मेस्त्री आला, पट्टी सोडत म्हणाला, "आजोबा, ह्याला वारं लागतं. गुदमरवलं की तुम्ही." दाजी म्हणाले, "तंबाखूत नाक उगडं ठिवून कोण बसतंय?" पण ऐकलं. दुसऱ्या दिवशी माझ्या चुलीजवळची फुंकणी मागून नेली आणि त्या दिवसापासून पंख्याच्या मागे बसून रोज फुंकर घालू लागले. माझी फुंकणी परत आली नाही ती नाहीच. एकदा मात्र मेस्त्रीला येणं जमेना, पडदा काळा पडलेला, पोरगी रडकुंडीला आलेली. दाजींनी मागची एकेक वायर कुलपासारखी तीनदा ओढून बघितली. जी हातात आली ती परत गच्च खोचली, आणि पडदा उजळला. ओढून बघायच्या खोडीचा जन्मात झालेला उपयोग तो एवढाच.

दोनेक वर्षं अशी गेली. मग दाजींच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. बेळगावच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. जाताना त्यांनी किल्ली फडक्यात तीन गाठी मारून मालकांच्या हातात दिली. शब्द दिला नाही. म्हणाले, "मशीन बंदच करू नगा. चालू ऱ्हायलं तर शब्द इच्यारत न्हाय."

तिसऱ्या दिवशी निपाणीत वीज गेली.

आक्काच्या सोबतीला मी दवाखान्यात होते. वॉर्डाच्या तोंडाशी सिस्टरच्या टेबलावर फोन वाजला. तो मी घेतला, कारण दाजींच्या एका डोळ्यावर पट्टी आणि आक्का फोनला भ्यायची. पलीकडे धाकटे मालक तापलेले. आम्हा कामकरी बायकांच्या ओळखपत्रांची यादी यंत्रात होती, सरकारी साहेब दुपारी ती न्यायला येणार होते आणि वीज परत आल्यापासून यंत्र शब्द मागत होतं. मालकांनी आपल्या अकलेने एका देवाचं नाव घालून बघितलं होतं, ते चुकलं होतं. "दोनच डाव ऱ्हायलेत," ते ओरडले. "दाजींना इच्यारा. न्हाई सांगितलं तर म्हणावं निपाणीला येऊच नका."

मी निरोप सांगितला. दाजी पलंगावर उठून बसले, आक्काकडे बघितलं आणि खाली बघायला लागले.

"सांगा की वो," आक्का म्हणाली. "कसला त्यो शब्द?"

"तुज्याफुडं कसा सांगू?"

आक्काचा चेहरा बदलला. "म्हंजी? बाईचं नाव हाय काय?"

दाजी डोळ्यावरची पट्टी चाचपायला लागले.

"व्हय की न्हाय?"

"व्हय," दाजी म्हणाले.

"कोण हाय ती सटवी?" आक्काचा आवाज वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पोचला. तिकडचे दोन पेशंट उठून बसले. "चार नातवंडं झाली आणि आता ह्ये थेर? डोळं गेलं त्येच बरं झालं तुमचं!"

मला मात्र उजेड पडला. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. ज्या नावापुढे ह्या माणसाची दातखीळ बसते असं बाईचं नाव जगात एकच. मी तरातरा फोनकडे गेले आणि मालकांना सांगितलं, "हौसा. हौसा घाला."

थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, "चुकलं. आता एकच डाव."

मी परत येऊन दाजींना म्हटलं, "आक्काचंच नाव हाय न्हवं?"

"हाय. पर हौसा तुमच्या घरातलं. मी ठिवलेलं न्हवं त्ये."

तेव्हा मला आठवलं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. दाजींनीही लिहिलं होतं. पण मी तेव्हा पाच-सहा वर्षांची, काय लिहिलं ते मला माहीत नाही. पुढे ते नाव कुणी वापरलं नाही. सासरी थोरली, मग आई, मग गल्लीची आक्का. मी आक्काला विचारलं, तर ती जेवणाचा डबा पुसायला लागली.

सिस्टर कानडीत ओरडली, "अज्जा, बेगा बेगा! लवकर आटपा, फोन अडवून ठेवू नका."

मी दाजींना दंडाला धरून टेबलापाशी नेलं. फोन कानाला लावला. "दाजी, बोला," मालकांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "न्हाईतर किल्ली दुसऱ्याला देतो." दाजींनी टोपी नीट केली. त्यांच्या माहितीप्रमाणे बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची रीत एकच होती, आणि त्यांनी ती पाळली. खणखणीत आवाजात म्हणाले,

"एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात आलं पाणी,
कुसुमचं नाव घेतो, ऐकू दे निपाणी."

मग मालक म्हणाले, "दाजी, ह्यातला शब्द कुठला?"

"मधला," दाजी म्हणाले आणि फोन ठेवला.

वॉर्डातले पेशंट टाळ्या वाजवत होते. सिस्टर हसून हसून खुर्चीत बसली. आक्का पलंगाकडे पाठ करून डबा उघडझाप करत होती. यंत्र उघडलं, यादी निघाली, साहेब घेऊन गेले. माझं ओळखपत्र त्याच यादीतलं.

महिन्याने दाजी जाड भिंगाचा चष्मा लावून वखारीत आले. बायका कामच सोडून बसल्या. एक म्हणाली, "दाजी, नाव घ्या की!" दाजी तिच्याकडे न बघता कचेरीत गेले. मालकांनी किल्ली पुढे केली. दाजींनी हात पुढे केला नाही.

"शब्द फुटला, मालक. सगळ्यास्नी ठावं झाला."

"मग काय झालं? दुसरा घाला की. तुम्हाला कोण जा म्हणतंय?"

"दुसरा न्हाय माज्यापाशी," दाजी म्हणाले.

मालकांनी पुष्कळ समजावलं. मीही सांगितलं की असा आडमुठेपणा बरा नव्हे, शब्द म्हणजे काय, उद्या मांजराचं नाव घाला. ते ऐकतील तर दाजी कसले. मार्के वाचून शिकलेली अक्षरं, करगोटा आणि टॉवेल घेऊन ते घरी गेले. आता दाजी आणि आक्का दोघंही नाहीत, म्हणून त्या संध्याकाळचं सांगायला हरकत नाही.

मी त्यांच्याकडे गेले तर दाजी बाहेर कट्ट्यावर बसले होते, हात मोकळे ठेवून. आत आक्का भाकरी थापत होती. बरणीला अजून कुलूप लागलं नव्हतं. मी बसल्यावर ती भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "मला वाटलंतं, इसरलं आसतील."

"काय?"

"नाव. तांदळात एकदा लिवलंतं. फुडं कुणी हाक मारली न्हाय. मीबी इसरलेते."

मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "इसरतील कशानं? दोन वर्सं रोज सकाळी लिवत हुते की."

आक्काचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मी उलटली. एवढ्यात बाहेरून दाजींचा आवाज आला, नेहमीसारखा, "आगं ए, पाणी आण जरा."

एरवी आक्का तिसऱ्या हाकेशिवाय जागची हलायची नाही. त्या दिवशी पहिल्या हाकेला उठली.