लिंबूवरच्या फुलपाखराची सोंड

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, आंबागडला गेले होते. मुलगी झाली. टपोऱ्या डोळ्यांची, पण तोंडातली टाळू मधोमध दुभंगलेली. अंगावर घेतलं की तिला ओढताच यायचं नाही, जे काही तोंडात जाई ते नाकातून परत येई. तुमसरचे डॉक्टर म्हणाले, नागपूरला ऑपरेशन होतं, आधी वजन वाढवून आणा. वाढवायचं कसं, ते बाईनं बघावं! बसतं धरून थेंब थेंब पाजा, आडवं पाजू नका, एवढं मात्र बजावलं.

माय रोज विचारायची, ग्रहणात तू काय चिरलं होतं, आठव. काही नाही चिरलं, झोपून होते, असं मी शंभरदा सांगितलं. तरी तेच. माझं डोकं फिरायचं.

मग मी लेकीला घेऊन अंगणात लिंबूच्या झाडाखाली जाऊन बसायची. तिला उभी धरायची, माझं पिळलेलं दूध वाटीत, त्यात कापसाची वात. कडेच्या झेंडूवर मधमाश्या केसाळ जिभेनं रस चाटून घ्यायच्या. एवढ्याशा किड्यालाही ज्याचं त्याचं साधन दिलंय, नि माझ्या लेकीलाच नाही, म्हणून मला देवाचा संताप यायचा.

एका सकाळी लिंबूवरच्या कोशातून फुलपाखरू निघालं. त्याच्या तोंडाशी केसासारखे दोन धागे, वेगवेगळे. म्हटलं, याचीही सोंड फाटकीच. पण ते धागे गुंडाळी, सोडी, पुन्हा गुंडाळी. बघता बघता दोन्ही एकमेकांना चिकटले नि एकच नळी झाली. दुपारी पंख वाळल्यावर ती नळी झेंडूत घालून ते रस ओढत होतं. मी लेकीच्या कानात म्हटलं, "पाय वो माय, जुळते. तुयीबी जुळन." वेडी होते मी. पण त्यानंतर तिला पाजताना माझा हात कधी थकला नाही, नि तिच्या मांड्यांवर थोडं मांसही चढलं.

एका दुपारी माझा डोळा लागला. लेक रडली असणार. मायनं मला उठवलं नाही. आमच्याकडे वातीनं पाजायचं तर न्हाऊ घालतात तसं, पाय लांब करून लेकराला त्यांवर उताणं घेतात. मायची सगळी लेकरं अशीच वाढली होती. बसतं धरलं की मान लचकते, हे तिचं पक्कं मत. तिनं तसंच उताणं घेऊन पाजलं नि दूध छातीत गेलं. मला जाग आली तेव्हा लेक निळी पडली होती. तिला घेऊन पळालो, पण बसच्या थांब्यापर्यंतही ती टिकली नाही.

"काहून उठवलं नाही मले?"

"कितीक दिवसाची जागली होती तू," माय म्हणाली. "तुये डोये पाहून उठवाले जीव नाही झाला."

मला तिच्याशी कडकडून भांडायचं होतं. पण आम्ही दोघी एकाच घरात मुकाट वावरत राहिलो.

दोन-तीन दिवसांनी शेजारचं लेकरू भुकेनं रडायला लागलं नि माझं पोलकं दोन्हीकडून भिजलं. माय कापड घेऊन धावत आली.

"माय," मी म्हटलं, "आता हे कोनाले पाजू?"