चेटकिणीचा बोअर

दौलताबाद रस्त्यावर आमची वसाहत झाली तेव्हा तिथल्या सगळ्या शेतकऱ्यांनी जमिनी विकल्या. मधला तुकडा तेवढा एका एकट्या बाईनं राखला. वसाहतीच्या वतीनं मी कितीदा बोलणी करायला गेलो. शेळीच्या पाठीवर हात फिरवत ती सगळं ऐकायची आणि म्हणायची, "नाय." कारण सांगायची नाही. कारण सांगितलं की माणूस वळवता येतो. माझं डोकं त्यावरून अजून तापतं.

दुष्काळात सगळ्यांचे बोअर आटले, तिचा चालू राहिला. मग वसाहतीनं तिला चेटकीण ठरवलं. आमच्या घरीही तोच शब्द होता. टँकर चुकला की मात्र रांग तिच्याच फाटकाशी लागायची.

एकदा बायको तापानं पडली, म्हणून मीच कॅन घेऊन गेलो.

"मावशी, पाणी पाहिजे होतं."

"घरी काय म्हणता मला?"

"मावशीच की!"

"मावशीचा बोअर आटलाय. जिचा चालूय, तिला हाक मारा."

रांगेतल्या बायका पदराआड हसल्या. त्यांना हे रोजचंच होतं. मी संतापलो, पण कॅन रिकामा होता.

"चेटकीण," मी म्हणालो. लहानपणी आईसमोर निघायचा तसा बारीक आवाज निघाला.

"व्हय, लेकरा," म्हणत तिनं पाइप माझ्या हाती दिला.