भिकुबाईच्या कानातली वायर

मी बत्तीस वर्षं धरणगावच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होतो. गाडी आत आली की वरच्या कापसाकडे मी बघतसुद्धा नसे. बाही सारून खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि तळाचा कापूस ओढून काढायचा. वर पांढराशुभ्र आणि खाली पाणी मारलेला, असा माल मी किती पकडला त्याला गणती नाही. रिटायर झालो तरी खोड गेली नाही. कोणी फार गोड बोलायला लागलं की माझा हात अजून शिवशिवतो.

म्हणून भिकुबाई वहिनींच्या कानात वायर दिसली, त्या दिवसापासून मी सावध झालो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, तोतारामाची बायको. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली. चार एकर कपाशी त्या एकट्या सांभाळतात, वय सदुसष्ट. आमच्या भाऊबंदकीतल्या सगळ्यांत मोठ्या सूनबाई त्याच, म्हणून आमच्या खानदेशच्या देवीचा, कानबाईचा नारळ त्यांच्या देवघरात असतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई त्यांच्याच घरी बसते आणि तिच्या प्रसादाच्या रोटाचे, म्हणजे जाड पोळ्यांचे, गहूही त्याच मोजतात. तोवर त्यांचा फोन नुसता हिरवं बटण दाबण्यापुरता होता. आणि आता ही बाई कपाशीत निंदणी करताना कानात वायर घालून स्वतःशी हसत होती, मध्येच रागानं मान हलवत होती. मी बांधावर दिसलो की वायर पदराखाली जायची.

"काय आयकी ऱ्हायनात, वहिनी?" मी एकदा विचारलं.

"काही नही भाऊ. शेतीनं शे," त्या म्हणाल्या.

शेतीचं ऐकताना कोणी वायर लपवतं का? पाणी कुठेतरी मुरत होतं. मग एकेक गोष्ट जुळत गेली. दर मंगळवारी त्या सकाळीच शेत गाठत. जूनमध्ये डोळे तपासायला म्हणून एरंडोलहून धुळ्याची बस धरली, पण चष्म्याचा नंबर होता तोच राहिला. आणि एक दिवस मला विचारतात, "भाऊ, सकायपाईन कामले येल बाई आनि दुपारनी येल बाई, दोन्हीस्ले सारखी मजुरी दिधी ते चालस का?" मी म्हटलं, चालत नाही. त्या म्हणाल्या, "मी बी तेच सांगं." कोणाला सांगितलं, ते मात्र सांगेनात.

आमची पुनम, माझी धाकटी सून, लहानपणी मिशनच्या शाळेत होती. तिनं ऐकलं आणि सहज म्हणाली, "नाना, ही तर बायबलमधली गोष्ट आहे. द्राक्षाच्या मळ्याची."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धुळ्यात योगराज राहतो. वहिनींचा एकुलता एक मुलगा. आठ वर्षांपूर्वी त्यानं नवापूरकडच्या एका ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं. सारिका तिचं नाव. आम्ही कोणी गेलो नाही. त्या श्रावणात रोटाच्या वेळी मी त्याचं नाव वगळलं.

रोटाची रीत अशी. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू. मोठा पुरुष एकेक नाव उच्चारतो आणि मोठी सून सुपात मूठ टाकते. तो रोट कुळाबाहेर कोणाच्या तोंडी जात नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीच्यासुद्धा नाही. आणि ज्याची मूठ पडली, त्याला पौर्णिमेच्या आत आपला वाटा खावाच लागतो. भाऊ गेल्यापासून नावं मी घेतो. त्या वर्षी योगराजच्या जागी आलो आणि पुढच्या नावावर गेलो. वहिनींचा हात गव्हात थांबला. सगळी नावं संपल्यावर त्यांनी आणखी एक मूठ टाकली. मी बघितलं तर म्हणाल्या, "देवीनी." तेव्हापासून दरवर्षी ती देवीची मूठ पडते.

आता मुलगा गेलाच होता, सुनेनं सासूलाही ओढली, अशी माझी खात्री झाली. मग कानबाईचा नारळ त्या घरात कसा ठेवायचा? मी भाऊबंदांना बोलावलं. माझा चुलतभाऊ प्रेमराज तर उसळलाच. "नाना, नारळ तुमना घर आना. रोटले तिना हात लागाले नको." बाकीचे म्हणाले, आधी पुरावा आणा, उगाच विधवा बाईवर आळ नको. पुरावा मी आणायचा, कानबाईच्या रविवारच्या आत, असं ठरलं.

एक गोष्ट इथेच कबूल करतो. नारळ आपल्या देवघरात यावा, असं माझ्या मनात पहिल्यापासून होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. पण तेव्हा मी स्वतःच्या तळाशी हात घातला नव्हता.

माझी नात डिंपल जळगावला कॉलेजात जाते. मंगळवार, धुळं आणि मळ्याची गोष्ट, एवढ्यावरून तिनं पाच मिनिटांत शोधून दिलं. "पॉडकास्ट आहे आजोबा. 'बांधावरचं शास्त्र'. दर मंगळवारी येतो." मी गोठ्याच्या ओट्यावर बसून पुरावा गोळा करायला सुरुवात केली.

पहिलंच वाक्य, "नमस्कार, मी सारिका, धुळ्याहून." चोर सापडला. आवाज मऊ, सावकाश, अधूनमधून आपली खानदेशी. मला तो आवाजच आवडला नाही, कारण तो आवडण्यासारखा होता. मी वाट बघत बसलो की आता बाई म्हणेल, आमच्याकडे या. चार भाग ऐकले, म्हणाली नाही. उलट बायबलमधली एकेक शेतीची गोष्ट काढायची आणि लोकांना विचारायची, तुमच्या शेतात हे खरं ठरतं का? लोक आवाज रेकॉर्ड करून पाठवत. मी म्हटलं, वरचा कापूस आहे हा. तळाचा पुढे येईल.

सातव्या भागात तणाची गोष्ट होती. एकानं शेतात गहू पेरला आणि वैऱ्यानं त्यात तण पेरलं. चाकर म्हणाले, उपटून टाकू का? मालक म्हणाला, राहू द्या, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. सारिका म्हणाली, "धरणगाव तालुक्यातल्या एक आजी नेहमी आपल्याशी भांडतात. त्यांचं ऐकू या." आणि माझ्या कानात वहिनी खोकल्या.

"बाई, ज्यानी हाई गोठ सांगी त्यानी कधी निंदनी करेल नही. आमनी कपाशीमा आठ दिन तन ऱ्हायनं ते बोंड धरत नही. त्याना बाप काय करे?"

"सुतार होते, आजी," सारिका हसत म्हणाली.

"मंग बराबर. सुतारले निंदनीनं काय समजस?"

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला. सारिका मात्र चिडली नाही. म्हणाली, आजींचं कपाशीपुरतं बरोबर आहे. पण गव्हातलं हे तण अगदी गव्हासारखं दिसतं. ओंबी येईपर्यंत ओळखू येत नाही आणि मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. नुसत्या संशयानं उपटायला गेलं तर गहूच हातात येतो. मालकाचा प्रश्न तण ठेवायचं की नाही हा नव्हता, उपटणाऱ्याच्या नजरेवर किती भरवसा ठेवायचा, हा होता.

मी फोन बंद केला. बत्तीस वर्षं माझ्या नजरेवर जिनिंग चालली होती. ही कोण मला सांगणार?

तरी पुढचे भाग ऐकलेच. पुरावा अजून पुरा कुठे झाला होता! प्रत्येक भागाच्या शेवटी एक ओळ येई, "रेकॉर्डिंग आणि जुळवणी, योगराज." नुसतं नाव, त्याचा आवाज नाही. कधी मागून एखादं लेकरू हसायचं. आणि एक गोष्ट माझ्या ग्रेडरच्या कानाला लागली. बाकीच्या लोकांचे आवाज साफसूफ केलेले असत, खोकला नाही की खाकरणं नाही. वहिनींचा खोकला मात्र दरवेळी जसाच्या तसा होता. इतका चोख माणूस एकाच जागी कचरा का ठेवतो? मला ते उलगडेना.

शनिवारी मी वहिनींच्या घरी गेलो. त्या ओसरीवर रोटाचे गहू निवडत होत्या. मी उभ्यानंच विचारलं, "वहिनी, बठ्ठं माले समजनं. तुम्ही त्यासना देव लिधा का?"

त्यांनी चष्मा वर केला. "बसा भाऊ. देव लिधा ऱ्हाता ते मी भांडती का त्यासनासंगे?"

"मंग कसाले आयकतस?"

त्यांनी चार गहू बाजूला केले. "सेवटले त्यानं नाव येस. त्या नावसाठे आयकस. चाळीस मिनिटं बठ्ठं आयकनं पडस, तवय नाव येस. आयकता आयकता मंग भांडस. गोठी काही वाईट नहीत."

मी म्हटलं, पुढे सरकवता येतं, एकदम शेवटावर जाता येतं. डिंपलनं मला दाखवलं होतं.

"माले बी माहीत शे," त्या म्हणाल्या. "पन घाई कसानी शे?"

धुळ्याचंही त्यांनी आपणहून सांगितलं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या होत्या. कोणी बोलावलं नव्हतं आणि इकडून कोणी जा म्हटलं नव्हतं, म्हणून कोपऱ्यावरूनच परत आल्या. मग मी खोकल्याचं विचारलं. "दुसरासना खोकला काढी टाकस तो. मना ऱ्हाऊ देस. त्याले वळखू येस, भाऊ."

मी घरी आलो. जेवण गेलं नाही. ज्या बाईला उघडी पाडायला मी आठवडाभर कान लावून बसलो, ती त्याच वायरीतून आठ वर्षांपूर्वी हरवलेला मुलगा शोधत होती. आणि तो हरवला नव्हता. मी त्याला नावांतून काढला होता. मला माझीच लाज वाटली, हे लिहायला आता जड जात नाही, त्या दिवशी फार जड गेलं.

रविवारी सकाळी सगळे ओसरीवर जमले. प्रेमराज माझ्या शेजारी बसला होता, पुराव्याची वाट बघत. मी सरळ नावं घ्यायला लागलो. वहिनी मूठ टाकत गेल्या. तेवीस नावं झाली. त्यांनी नेहमीसारखी जास्तीची मूठ उचलली आणि प्रेमराजनं हात आडवा केला.

"थांब भावजाई. हाई कोनी?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. देवीची, असं त्या पुन्हा म्हणू शकल्या असत्या. म्हणाल्या नाहीत. सगळी ओसरी माझ्याकडे बघत होती.

"योगराज तोताराम," मी म्हणालो. "टाका, वहिनी."

मूठ पडली. प्रेमराज उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला, पण घरी गेला नाही. मला वाटलं झालं. तर वहिनींचा हात पुन्हा गव्हात गेला.

"आखो एक शे."

"कोनी?"

"माले नाव माहीत नही. पोऱ्या शे का आंडेर शे, हासनावरतीन समजत नही." आणि मुलगी असली तर, असं कोणी म्हणायच्या आत त्यांनी ती मूठ टाकून दिली. पुरुषांच्याच मुठी टाकायची रीत त्यांच्याइतकी आमच्यात कोणाला माहीत नव्हती.

नाव घेतलं की वाटा पोचवणं आलं, आणि नाव मी घेतलं होतं. बुधवारी मी रोटाचा डबा मांडीवर घेऊन धुळ्याच्या बसमध्ये बसलो. वहिनींना चला म्हटलं, तर म्हणाल्या, "पहिले तुम्ही जा. काढनारनीच जाऊ दे." नाव काढणारा मीच होतो, बरोबरच होतं ते.

दार एका सहा-सात वर्षांच्या मुलीनं उघडलं, तेही साखळीपुरतं. फटीतून तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हळू बोला. आत रेकॉर्डिंग चालू आहे. तुम्ही कोण?"

मी धरणगाव सांगितलं, गाव सांगितलं, नाव सांगितलं. तिचा कशावरही विश्वास बसला नाही. "डब्यात काय आहे?"

मी झाकण काढून डबा फटीपाशी धरला. वरचे रोट छान तांबूस भाजलेले होते. तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाही वर सारली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि अगदी तळाचा तुकडा ओढून काढला. उजेडात धरून बघितला, हुंगला आणि खाल्ला.

मग तिनं साखळी काढली. आतून, मागे नेऊन पुन्हापुन्हा लावलेला, वहिनींचा खोकला ऐकू येत होता.