बिनमालकाच्या चपला

च्या घ्या आदी. निवायच्या आत सांगून टाकतो, न्हाईतर पेठेतलं दुसरं कोणतरी तिखटमीठ लावून सांगणार, आणि ह्यात तिखटमीठ लावायला जागाच उरलेली न्हाई. असला पचका माझा उभ्या जन्मात झाला न्हवता. आणि केला कुणी? मीच!

आमच्या मंगळवार पेठेत एक दवाखाना हाय. आदी तितं थोरलं डॉक्टर बसायचं. काय त्यांचं काम! जीभ काढ, सुई घे, चल ऊठ. फौंड्रीतनं सुटलो की मी जायचो, आणि डब्याची पिशवी खाली ठिवायच्या आत भाईर यायचो. आता ते थकलं. त्यांची सून बसती. आणि ही बाई म्हंजे! ताप आला म्हणून जावं, तर इचारती झोप लागती का? जेवता काय? घरात कटकट हाय का? आता माणूस लगीन झालेला हाय म्हंजे कटकट असणारच की! त्येचा तापाशी काय संबंध? एकेका माणसापाशी अर्धा-अर्धा तास. आणि एवढं करून सुई न्हाईच! दोन गोळ्या लिवून देती. सुई न्हाई तर डॉक्टर कसला, तुमीच सांगा!

तुमी म्हणशिला, तात्या, एवढं ठाऊक हाय म्हंजे तुमी गेला असशिला. छ्या! मी कशाला जातोय? आमची मंडळी जायाची, ती येऊन सांगायची. मी बाईचं तोंड बी बघितलं न्हवतं. पर शिव्या द्यायला तोंड बघायला लागतंय व्हय?

तर गेल्या उन्हाळ्यात मंडळीच आजारी पडली. रातभर उलट्या, जुलाब. सकाळी हातरुणातनं उठंना. मी म्हटलं, "काय हुतंय?" काय बोललीच न्हाई. आता लगीन झाल्यापासनं ही बाई माझ्यावर वरडल्याबिगर दिवस उगवलेला न्हाई. ती गप पडली म्हंजे काम साधं न्हवतं.

सुनंला म्हटलं, "सुरेखा, मी नंबर लावून येतो. पाळी जवळ आली की येतो आणि रिक्षातनं नेतो हिला. तवर दवाखान्यात बसायचं त्राण न्हाई तिच्यात." आणि तसाच निघालो. मोबाईल ऱ्हायला चार्जिंगला.

आता आमच्या दवाखान्यातला नंबर म्हंजे चिठ्ठी न्हाई की मशीन न्हाई. दारातल्या कट्ट्यावर चपला काढायच्या, एकामागं एक. जितं तुमच्या चपला, तितं तुमचा नंबर. माणूस च्या प्याला जाऊ दे, भाजी आणू दे, चपला लाईन धरून असत्यात. मारुती कंपाउंडर दारातनं डोकं भाईर काढतो, फुडच्या चपला बघतो आणि वरडतो, "ह्या कुणाच्या?" धनी आत जातो.

मी चपला लावल्या. माझ्या चपला म्हंजे जाड तळाच्या, करकर वाजणाऱ्या. फुडं तीन-चार जोड. बसलो बाकावर. पर बसवतंय कुटं? उठलो. चपला बघितल्या. बसलो. परत उठलो. आत एक पोरगी तान्हं बाळ घिऊन गेलती, ती भाईरच येईना. दारातनं बाईचा आवाज यायचा, "बाळाला पाणी कसलं देता? उकळून देता का?" आरं, बाळाला बघायलीस का घरातली भांडी मोजायलीस!

माझ्या डोळ्याम्होरं मंडळी. लाईन काय हलंना.

आणि मग मला दिसलं. लाईनीत पयल्या नंबराला काळ्या रबरी चपला. बाईमाणसाच्या. मऊ, पट्ट्याच्या. आणि धनी न्हाई!

"कुणाच्या ह्या?" मी इचारलं.

शेजारच्या पावण्याला ढोसलं.

"अवो पावणं, तुमच्या काय?"

"बायकांच्या हायत त्या, माझ्या कशा असतील?"

शेजारी शकिला भाभी बसलेली. बांगड्यांचं दुकान हाय तिचं. ती म्हटली, "मी आले तवापासनं हायत. मालक दिसला न्हाई."

झालं! माझ्या डोस्क्यात सणक गेली. म्हंजे कोणतरी पाटेचं येऊन चपला ठिवून गेलं, घरात जाऊन झोपलं, आणि आमी हितं वाळत बसायचं? माझी मंडळी तिकडं तळमळतीया आणि हिचा नंबर बिनमाणसाचा? मी उभा ऱ्हाऊन भाषणच दिलं. "ऐका! चप्पल हाय आणि माणूस न्हाई, तर नंबर न्हाई! आजपासनं ह्यो कायदा!"

लोकं म्हटली, "बरोबर हाय, तात्या."

आता हितंच थांबायचं का न्हाई? चपला उचलून लाईनीच्या मागं ठिवायच्या, झालं. पर लोकं बरोबर म्हटली की माझं हात शिवशिवत्यात. हातातल्या काठीच्या टोकानं उचलल्या एकेक, आणि शेजारच्या पानपट्टीच्या पत्र्यावर दिल्या भिरकावून! धाड! धाड! दोन-चार जणांनी टाळ्या बी वाजवल्या. मी मिशीवर हात फिरवून बाकावर बसलो.

जरा वेळानं आत फोन वाजला. आणि दार धाडदिशी उघडून एक बारकी बाई भाईर आली. हातात बॅग, गळ्यात ती कानात घालायची नळी. कट्ट्यावर इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"मारुती, माझ्या चपला कुठायत?"

मारुती म्हटला, "मॅडम, फरशी पुसणाऱ्या मावशीनं लाईनीत लावल्या हुत्या की. पयल्याच हुत्या."

तुमाला सांगतो, सगळी लोकं छताकडं बघायली. शकिला भाभी माझ्याकडं बघायली.

शाणा माणूस असता तर काय केलं असतं? पाया पडला असता. मी काय केलं? चोर तो वर शिरजोर! दारात आडवा उभा ऱ्हायलो आणि म्हटलं, "चपला ऱ्हाऊ देत! तुमी निघाला कुटं? लाईन हाय हितं. नंबर म्हंजे नंबर!"

"आजोबा, बाजूला व्हा. एक पेशंट सिरियस आहे, घरी जाऊन बघायला हवं."

"आणि आमी काय मजेला बसलोय? माझी बायकू घरात मरायली हाय! घरात बघायचं तर सगळ्यांना बघा! कोण एवढा लाटसाहेब लागून गेला, ज्याच्यासाठी तुमी लाईन सोडून पळताय?"

बाई म्हटली, "शंकर खोतांकडे. फाउंड्रीत होते ते. सूनबाईंचा फोन होता, आजी डोळे उघडत नाहीत. आजोबा नंबर लावायला म्हणून गेलेत आणि फोन घरीच ठेवलाय म्हणे."

आता शंकर खोत म्हंजे मी!

माझंच नाव, पर दुसऱ्या कुणाचं तरी असावं असं वाटलं. हातातली काठी सुटली. मी दारातनं बाजूला झालो, आणि तोंडातनं शबुद आला, "मीच की त्यो."

बाईनं एक क्षण बघितलं माझ्याकडं.  तशीच अनवाणी पायरी उतरली. भाईर डांबर असं तापलेलं की त्यावर भाकरी भाजावी. मी लाईनीतनं माझ्या चपला उचलल्या आणि तिच्या फुडं टाकल्या. "घाला, डॉक्टरीणबाई, घाला!"

मग जी वरात निघाली ती आख्ख्या पेठेनं बघितली. फुडं बाई, तिच्या पायात माझ्या चपला, दोन पावलं मावतील एवढ्या. कर्र, कर्र, कर्र. मागं मी, बॅग घिऊन, अनवाणी, कोंबड्यागत उड्या मारत.

घरात गेल्या गेल्या बाईनं नाडी धरली, बीपी बघितलं, कॅलेंडरच्या खिळ्याला सलाईन टांगली. आणि सुई दिली! म्हंजे हुती की तिच्याजवळ! माझ्या मनात आलं, पर तोंड उघडायची सोय न्हवती. बाई गुडघं मोडून जमिनीवर बसली, हालंना. तितंच, मंडळीचा हात धरून. मी उंबऱ्यात उभा. देवाला म्हटलं, एकदा वरडू दे हिला माझ्यावर. एकदाच.

अर्धी सलाईन गेली आणि मंडळीनं एक डोळा उघडला. पयला बघितला माझा पाय.

"चपला कुटं घालवून आलासा?"

माझ्या डोळ्यात पाणीच आलं, खोटं कशाला सांगू!

बाई म्हटली, "आजी, दवाखान्यातनं माझ्या चपला कुणीतरी नेल्या. आजोबांनी त्यांच्या दिल्या मला."

मंडळीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं लग्नात बी बघितलं न्हवतं. आणि मग सुरू झाली. "मढं बशिवलं त्या चोराचं! डॉक्टरांच्या चपला उचलतोय? त्येच्या पायात काटं मोडूदेत! त्येला अनवाणी नाचायची पाळी येऊ दे!"

मी म्हटलं, "जाऊ दे की आता. आजारात बोलू नगंस."

"का जाऊ दे? तुमचा कोण लागतो त्यो?"

बाई हसून म्हटली, "आवाज छान आहे. आता काळजी नाही."

मी तितनं सटकलो. पानपट्टीपाशी गेलो, पिंपावर चढलो, पत्र्यावर हात घातला. चपला घावल्या दोन्ही. पर उतरताना पत्र्याचा गंजका कोपरा असा पायात घुसला की मंडळीची शिवी आठवली. येवढ्या लवकर लागू पडती व्हय!

रगत गाळत, लंगडत दवाखान्यात आलो. तवर बाई परत आलेली. माझ्या चपला तिनं कट्ट्यावर काढलेल्या, लाईनीच्या पार शेवटाला. मी म्हटलं, "मला जरा आदी सोडा, पाय कापलाय."

शकिला भाभी म्हटली, "तात्या, तुमच्या चपला कुटं हायत बघा. नंबर म्हंजे नंबर. कायदा कुणी केला?"

लोकं म्हटली, "बरोबर हाय, भाभी."

बसलो. सगळ्यात शेवटाला आत गेलो. बाईनं माझ्या हातातल्या काळ्या चपला बघितल्या, पाय बघितला, पायावरचा गंज बघितला. काय इचारलं न्हाई. एवढं सगळ्यांना इचारती, झोप कशी, कटकट हाय का, आणि मला एक अक्षर न्हाई! जखम धुतली, पट्टी बांधली आणि म्हटली, "आजोबा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल."

मारुती मागनं म्हटला, "घ्या तात्या. ह्या दवाखान्यात सुई मिळत न्हाई म्हणत हुता न्हवं?"

मंडळी आता ठणठणीत हाय. रोज सांजच्याला दिवा लावती, हात जोडती, आणि मग त्या चपलाचोराला एक शिवी हासडती. आख्ख्या पेठेला ठाऊक हाय, म्हंजे तिला ठाऊक नसंल असं तुमाला वाटतंय? शिवी देताना देवाकडं बघत न्हाई ती. सरळ माझ्याकडं बघती.

आणि मी बी हात जोडून म्हणतो, "घाल बाई, आणिक एक घाल."