वैशाख बदी दूज

साहेब गेल्याचं मला तेराव्या दिवशी कळलं. नागपूरहून आदिलाबादला पोचेपर्यंत बाहेरगावची माणसं पांगली होती. मी त्यांच्याकडे उणेपुरे तीन आठवडे काम केलं, तेही पस्तीसेक वर्षांपूर्वी. एवढ्याशा ओळखीवर घरच्यांसमोर डोळे पुसणं मला अवघड वाटलं, म्हणून मी व्हरांड्यात जाऊन बसले. ते आठवडे लिहून काढावेत असं तिथंच मनात आलं. काढते आहे, जमेल तसं.

नव्वद साल उजाडायचं होतं. मी नागपूरला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत कुणातरी वकिलाच्या हाताखाली बसून या, असं कॉलेजनं सांगितलं होतं. माझे वडील आदिलाबादजवळ तामसीला शाळामास्तर. त्यांनी आदिलाबादच्या एका फर्ममध्ये माझी सोय केली. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं परत यायचं.

फर्म म्हणजे कापूस बाजारालगतच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. दोन वकील, एक मुन्शी, एक टाइपरायटर. मारामाऱ्यांची, वाटणीची प्रकरणं तिथं येत नसत. भागीदारीचे कागद, जिनिंग मिलचे करार, गोदामांचे भाडेपट्टे, रेल्वेत भिजलेल्या मालाचे दावे, असलं सगळं व्यापारउदिमाचं काम. थोरल्या वकिलांना सगळे साहेब म्हणत. ते घरी तेलुगू बोलत, मुन्शीजींशी उर्दू, आणि खेड्यातून आलेल्या माणसाशी अशी मराठी की मला ते आमच्याच गावचे वाटावेत.

मी जोरदार युक्तिवाद ऐकायला मिळतील म्हणून गेले होते. ऐकायला मिळालं भलतंच. त्या ऑफिसची एक रीत होती. कुठलाही करार सहीला आला की आधी तो पक्षकाराच्या भाषेत मोठ्यानं वाचायचा. मग कागद पालथा घालायचा आणि पक्षकाराला म्हणायचं, ‘‘आता तुमी सांगा, काय ठरलं.’’ तो आपल्या शब्दांत सगळं सांगायचा. अडखळायचा, मधेच बैलाची नाहीतर व्याह्याची गोष्ट काढायचा. मुन्शीजी पेन्सिलनं टिपून घ्यायचे. त्याचं सांगणं आणि कागद यांत फरक पडला की साहेब कागद हातात घेऊन तपासायला बसायचे. माणसाला ते कधी ‘तुम्हाला समजलं नाही’ म्हणाले नाहीत. एका भाडेपट्ट्याला अर्धा दिवस जायचा. मला पहिल्या आठवड्यात हा शुद्ध वेळकाढूपणा वाटला. शिकलेल्या माणसाला वाटतो तसा.

दुसऱ्या आठवड्यात एक बाई आल्या. तामसीकडच्याच एका गावच्या, कापूस-ज्वारी करणाऱ्या. नवरा वारलेला, शेत स्वतः बघायच्या. सडकेला लागून त्यांचं मोठं वाडगं होतं, म्हणजे कुंपण घातलेली मोकळी जागा, आणि त्यात एक टिनाचं शेड. कापसाच्या हंगामापुरतं ते एका मारवाडी सेठजींना भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. बाईंची अट एकच. अक्षय तृतीयेला त्यांच्या मुलीचं लग्न त्याच वाडग्यात व्हायचं होतं. नवरा मुलगा नार्नूरच्या शाळेत मास्तर. घरच्या अंगणात शंभर माणूस बसत नव्हतं, आणि दुसरी जागा त्यांच्याकडे नव्हती. म्हणून त्याच्या पंधरा-सोळा दिवस आधी वाडगं रिकामं हवं. सेठजींनी मान्य केलं होतं.

सेठजींच्या मुनीमानं अटी हिंदीत लिहून पाठवल्या. त्यावरून मराठी मजकूर करायचं काम साहेबांनी मला दिलं. माझ्या हातचा पहिला कागद! मी तो दोनदा लिहिला, अक्षर देखणं यावं म्हणून. जागा परत द्यायची तिथी हिंदीत होती ‘वैशाख बदी दूज’. मी लिहिलं ‘वैशाख वद्य द्वितीया’. त्यात विचार करण्यासारखं मला काही दिसलंच नाही. आमच्या घरी वैशाख म्हणजे पौर्णिमा, विहारातली वंदना आणि खीर. बाकीच्या तिथ्या मी शाळेच्या पुस्तकातून शिकले होते.

त्या दिवशी साहेबांना कोर्टातून यायला उशीर होत होता. बाई आणि सेठजी दोघं येऊन बसले. बाईंची बस दोनला होती. मी कागद वाचून दाखवला आणि मुन्शीजींना हळूच म्हटलं, ‘‘आता सही घ्यायची का? बाईंची बस जाईल.’’

‘‘बस दुसरी येईल, बेटी,’’ मुन्शीजी म्हणाले. ‘‘साहेब आल्याबिगर नाही.’’

साहेब आले, काळा कोट खुंटीला लावला, कागद पालथा घातला. ‘‘हं बाई. सांगा, काय ठरलं.’’

बाईंनी पदर सावरला. ‘‘ठरलं असं, का वाडगं सेठजीले देलं. टिनाचं शेडही देलं. लिंबाखाली सैपाक करू द्याचा नाही, पाला जळते. हिरीचं पानी घ्या, पन दोर तुमचा. आन् हनुमान जयंती झाली का दोन दिसांत समदं खाली.’’

मुन्शीजींची पेन्सिल थांबली. त्यांनी कागद उलटून बोट ठेवलं. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, ‘‘बाई, कागदात वैशाख वद्य द्वितीया आहे. चालेल?’’

बाईंनी बोटांवर मोजलं आणि त्या एकदम उठल्याच. ‘‘वैशाख वद्य? तवा त पोरगी सासरी जाऊन पंधरा दिस होतीन! काऊन हो सेठजी, लगीन का तुमच्या गठाणींवर लावू मी? नवरदेवाले रुईत बसवू?’’

‘‘अरे बाई, मैंने तो पहले दिन से वैशाख बदी दूज बोला है. आज भी वही बोलता हूँ.’’

‘‘पाहा, पाहा, आपल्याच तोंडानं बोलून राह्यला! मले लिहिता-वाचता येत नाही म्हनून मी काय कॅलेंडर बी पाहत नाही का?’’ आणि त्या पायरीकडे निघाल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, ‘‘नाही देत जा वाडगं.’’

सेठजींचा चेहरा लाल झाला. तेही उठले. भाडं गेलं असतं तर बाईंना लग्न उभं करणं जड गेलं असतं, हे मला ठाऊक होतं. कागद तसाच सहीला गेला असता तर मांडवाची जागाच गेली असती.

साहेब बसूनच होते. ते सेठजींना म्हणाले, ‘‘सेठजी, तिथी छोड़िए. आपके हिसाब से जगह खाली होगी तो उससे पहले कौन सा त्योहार आएगा?’’

सेठजी रागातच म्हणाले, ‘‘और कौन सा? हनुमान जयंती! पूनम के बाद दूसरा दिन. बाई को यही तो बोला था!’’

दाराशी बाई वळल्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला काहीच उमजलं नव्हतं. मुन्शीजींनी हसू आवरत सांगितलं. मारवाडी माणसाचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. चैत्री पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे वैशाख लागतो, आपल्याकडे चैत्र अजून पंधरा दिवस चालतो. त्यांचा वैशाख बदी म्हणजे आपला चैत्र वद्य. सेठजी खरं बोलत होते, बाईही खरं बोलत होत्या. मध्ये बसून एक महिना इकडचा तिकडे केला होता मी.

मी तोंड उघडायच्या आत साहेब हात जोडून उभे राहिले होते. दोघांना म्हणाले, ‘‘चूक आमच्या फर्मची आहे. कागद इथं लिहिला गेला. बाई, सेठजींनी शब्द फिरवला नाही. सेठजी, बाईंनी तुमच्यावर संशय घेतला तो आमच्या कागदामुळं.’’

‘‘संशय न घेऊ त काय करू,’’ बाई परत येऊन बसत म्हणाल्या. ‘‘वाडगं माहं हाय, पोरगी माही हाय.’’ मग सेठजींकडे बघून, ‘‘पन तुमचा महिना लय घाईचा हाय बुवा.’’

‘‘व्यापारी का है न,’’ सेठजी म्हणाले आणि हसले.

मी तिथंच मजकूर बदलला. साहेबांनी तिथीच्या जोडीला इंग्रजी तारीख घालायला लावली, आणि पुढं बाईंचे शब्द जसेच्या तसे: हनुमान जयंतीनंतर दोन दिवसांत. परत वाचन झालं, परत दोघांनी सांगून दाखवलं. बाईंची दोनची बस गेली, चारची मिळाली.

त्या गेल्यावर मी साहेबांना म्हटलं, ‘‘चूक माझी होती. तुम्ही फर्मची का म्हणालात?’’

‘‘तीन आठवडे तुमी फर्ममध्येच आहात ना?’’ ते म्हणाले आणि दुसरी फाइल ओढली. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाले, ‘‘हे सगळं ऐकायचं काम कंटाळवाणं आहे. मलाही कंटाळा येतो. म्हणून तर नियम केला.’’

मी पुढं वकिली केली नाही, शिकवत राहिले. दुसऱ्याची चूक अशी अंगावर घेणारी माणसं मला फार भेटली नाहीत. आपल्याला कंटाळा येतो हे ओळखून त्यावर रीत बसवणारी तर आणखी कमी.

त्या लग्नाचं पुढं काय झालं, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. सुट्टी संपली, मी नागपूरला गेले आणि पत्र लिहून विचारायचा संकोच वाटला. परवा व्हरांड्यात मुन्शीजी शेजारी येऊन बसले. आता ऐंशी ओलांडलेत, काठी घेऊन चालतात. मी त्यांना विचारलं.

‘‘तुला माहीत नाही?’’ ते म्हणाले. ‘‘हनुमान जयंतीनंतर दोन दिवसांनी साहेब सकाळच्या बसनं बाईंच्या गावी गेले. मी म्हटलं, आपलं काम सहीपर्यंत. म्हणाले, इस कागज़ में एक बार हम चूके हैं, देखकर आता हूँ. तिथं तीस-चाळीस गठाणी पडून, आणि ट्रकचा पत्ता नाही. सेठजींचा माणूस म्हणाला, उद्या येईल. साहेब म्हणाले, मग मीपण उद्यापर्यंत थांबतो. आणि लिंबाखाली बाज टाकून पेपर वाचत बसले. दुपारी तीनला ट्रक आला.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. शेवटची गठाण चढल्यावर उठले. बाईंनी तोवर शेणाची पाटी आणून ठेवली होती, मांडवाची जागा सारवायला.’’