लाटसाहेबाचा चांदीचा पट्टा

कापसाचा भाव चढला त्या साली वलगावात बैलांच्या शिंगांले चांदी चढली, अन् आमच्या कुत्र्याची मान पिकली.

साता समुद्रापार गोरे आपसात लढून राहिले होते, म्हणून आमचा कापूस सोन्यासारखा इकून राहिला होता. (भांडण त्यांचं, डोस्कं फिरलं आमचं!) मी अमरावतीच्या एका साहेबाकडून पिल्लू आणलं. नाव ठेवलं लाटसाहेब. आता शेजाऱ्याच्या बैलाले चांदी अन् माहा लाटसाहेब उघडा? छ्या! सोनाराकडून त्याच्या गळ्यात चांदीचा पट्टा घातला. चोरानं नेऊ नये म्हणून खिळा ठोकून पक्का केला.

पिल्लू वाढलं, पट्टा तेवढाच राहिला. मान सुजली, पू वाहाले लागला, माशा घोंगावाले लागल्या.

"अजी, पट्टा कापा!" माही बायको पार्वती म्हणे. "मुकं जनावर सडून राहिलं."

"नजर लागली वं त्याले. तुले काय समजते?"

मी पट्ट्यावरच काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला. लेकराले बांधतात तसाच! लाटसाहेबानं मान खाजवली, बिब्बा फुटला, त्याचं जळजळीत तेल मानेवर उतरलं, अन् होतं नोतं ते कातडंही उतलं.

वैद्यबुवानं दुरूनच नाक दाबलं. "पट्टा काढ, नाही तं कुत्रं जाईन!"

"परवा काढतो बुवा. उद्या अकोल्याचे पावणे येऊन राहिले."

धाकट्या भावाची सोयरीक जुळून राहिली होती. चांदीवालं कुत्रं न दाखवता पावणे कसे जाऊ द्यायचे? वास मारू नये म्हणून मी लाटसाहेबाले अत्तर चोपडलं. बाप्पा! पू एकीकडं, अत्तर एकीकडं, दोघांनी मिळून ओसरी डोक्यावर घेतली.

पोरीच्या बापाचा शिऱ्याचा घास हातातच राहिला. "काय मेलं गा घरात?"

"काही नाही जी, आमचा लाटसाहेब आहे!"

तेवढ्यात लाटसाहेब त्याच्या पायापाशीच कोसळला. जीभ बाहेर, डोळे पांढरे. लय जीव होता हो माहा त्याच्यावर!

पार्वती आतून तीरासारखी आली. पावण्याच्या पानदानातला अडकित्ता उचलला अन् कटकन पट्टा तोडला! पावण्याच्या पुढ्यातच कडुलिंबाच्या पाण्यानं जखम धुतली. लाटसाहेबानं डोळे उघडले, वाटीभर पाणी प्याला. मी पागोट्यानं डोळे पुसले.

पोरीचा बाप पार्वतीकडं पाहत उठला. "पोरगी देतो तुमच्या घरात. पण तिच्या अंगावर दागिना तुमी घालू नोका!"

लग्न झालं. आता घरात दागिन्यांचा डबा उघडला की मले ओसरीवर बसवतात. लाटसाहेब मात्र आत बसते!